कुत्र्याला पुढचा मेंदू नसतोच म्हणे! खरं का?

शेवंता
मंडळी, आमच्या घरी चिंगी नावाची इंडी कुत्री आहे. वय वर्ष-सव्वा वर्ष. घरात एकदम गुणी बाळ. जेवणाचं ताट पुढे ठेवून "थांब" म्हटलं की लाळेची तार फरशीला टेकते, पण "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. तीच बया खाली पार्किंगमध्ये मांजर दिसलं की माझा खांदा निखळेल अशी झेप घेते. तेव्हा "थांब", "चिंगी", "अगं बाई" काहीही म्हणा, कान बंद.

एक ट्रेनर लावलाय. तो म्हणाला, "मॅडम, कुत्र्याला फ्रंटल कॉर्टेक्स नसतो. संयम ठेवायचा भागच नाही. त्याला फक्त धाक कळतो." आणि काटेरी पट्टा घ्यायला सांगितला. पट्टा घेतलेला नाही, पण वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरंच नसतो का? असेल तर तो कशाकशाला जोडलेला असतो? आणि ताटापुढे चालणारा संयम मांजरापुढे कुठे जातो? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (ट्रेनरचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

टवाळ_कार्टं
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नाहीये. तरी तो दर वर्षी निवडून येतो.

पुणेरी_पाटी
धाग्याचा विषय "कुत्रे" असल्याने शंभरी नक्की. मी चहा घेऊन बसतो.

करडी_पेशी
शेवंता, ट्रेनरचं वाक्य साफ चूक आहे. कुत्र्याला फ्रंटल कॉर्टेक्स (मेंदूच्या वरच्या सालीचा पुढचा भाग) असतो. आपल्यापेक्षा बराच लहान असतो, एवढंच खरं. ब्रॉडमन या जर्मन मेंदूतज्ज्ञाने १९१२ च्या सुमारास दिलेले आकडे आजही पुस्तकांत सापडतात: संपूर्ण कॉर्टेक्सपैकी प्रीफ्रंटल (म्हणजे फ्रंटलचाही पुढचा) भाग माणसात २९ टक्के, चिंपांझीत १७, कुत्र्यात ७ आणि मांजरात साडेतीन. मोजायच्या पद्धतीवर नंतर वाद झाले, पण शून्य कुणीच सांगितलेलं नाही.

आता तो असतो कुठे. आपण कुत्र्याच्या कपाळावरून हात फिरवतो ना, मोठ्या कुत्र्यांत त्या हाडाखाली बऱ्याच जागी हवेची पोकळी असते, फ्रंटल सायनस. मेंदू त्याच्या मागे आणि खाली. मेंदूच्या अगदी टोकाला वास घेणारे दोन गोळे, ऑल्फॅक्टरी बल्ब. त्यांच्या लगेच वर आणि मागे जी लहानशी वळी असते ती जायरस प्रोरियस, आणि तिथेच कुत्र्याच्या प्रीफ्रंटलचा मुख्य भाग. प्रीसिल्व्हियन नावाची खाच ही त्याची मागची हद्द. त्याच्या मागे, क्रुसिएट खाचेच्या आजूबाजूला, पाय हलवायचा मोटर कॉर्टेक्स.

शेवंताचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे: जोडलेला कशाला असतो? कारण एखादा भाग प्रीफ्रंटल आहे की नाही हे प्राण्यांत ठरवायची जुनी कसोटीच जोडणीची आहे. थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या मधोमध असलेलं, निरोप पुढे पाठवणारं ठाणं) मेडिओडॉर्सल नावाचं एक केंद्र आहे, त्याचे तंतू कॉर्टेक्सच्या ज्या भागात पोचतात तो प्रीफ्रंटल. कुत्र्यात ते पोचतात. त्याशिवाय अमिग्डालाशी (भीती, उत्तेजना) ये-जा आहे, हिप्पोकॅम्पसच्या (आठवणी) शेजारच्या भागांशी आहे, कॉडेटकडे (बक्षिसाची अपेक्षा, हालचालीची निवड) तंतू जातात, कॉर्पस कॅलोझममधून दुसऱ्या बाजूच्या अर्ध्याशी संबंध आहे. ढोबळ मानाने, आतल्या बाजूचा भाग भावनांच्या यंत्रणेशी जास्त बांधलेला आणि वरचा-बाहेरचा भाग इंद्रियांच्या आणि हालचालीच्या कॉर्टेक्सशी.

मनीमाऊ
मांजर साडेतीन टक्के? निषेध! आमची मनी सात टक्केवाल्यांना रोज शेपटीवर नाचवते.

टवाळ_कार्टं
साडेतीन टक्क्यांत अख्खं घर चालवते म्हणजे कार्यक्षमता बघा.

करडी_पेशी
@मनीमाऊ, टक्के सोडा, पेशी मोजल्या तर? सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशी मोजल्या. मांजरात साधारण २५ कोटी, कुत्र्यात ५३ कोटी. त्यातल्या गोल्डन रिट्रीव्हरच्या ६० कोटींच्या वर. माणसात सोळाशे कोटी. गंमत म्हणजे एवढ्या धिप्पाड तपकिरी अस्वलाच्याही मांजराएवढ्याच निघाल्या. त्यामुळे मनीने अस्वलापुढे मान खाली घालायचं कारण नाही.

मनीमाऊ
हे ठीक आहे. निषेध अंशतः मागे.

गावरान_गडी
आमच्या वाड्यावरची कुत्री कॉर्टेक्सचा कुठलाही लेख न वाचता शेळ्या राखतात. पिल्लू असल्यापासून कोकरांत वाढलेलं कुत्रं कोकराच्या अंगावर जात नाही, आणि तेच रानात ससा दिसला की वाऱ्यासारखं सुटतं. म्हणजे थांबायचं कळतं की नाही? शहरात फ्लॅटमध्ये बांधून ठेवायचं, दिवसातून दोनदा खाली न्यायचं आणि मग मेंदू तपासायचा, हा उलटा कारभार.

शेवंता
गडी, तुमचं म्हणणं पटतंय. पण माझ्याकडे वाडा नाही आणि शेळ्याही नाहीत. वन बीएचके आहे.

निळा_डोंगर
अवांतर, पण इतिहासाचा विद्यार्थी असल्याने राहवत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाबद्दलची बरीचशी समज कुत्र्यांच्याच जिवावर उभी आहे.

१८७० साली बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य झटका दिला. पुढच्या भागात ठराविक ठिकाणी दिला की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा. कॉर्टेक्सच्या वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी कामं असतात हे अशा प्रयोगाने दाखवलेली ती पहिलीच खेप. आणि हे प्रयोगशाळेत नाही, हिट्झिगच्या घरी!

मग पोलंड. येर्झी कोनोर्स्की हा पाव्हलॉव्हकडे (कुत्र्यांच्या लाळेवरच्या प्रयोगांमुळे गाजलेला रशियन शास्त्रज्ञ) लेनिनग्राडला दोन वर्षं काम करून आलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्याभोवती पोलंडच्या नेन्त्स्की इन्स्टिट्यूटमध्ये एक अख्खी पिढी उभी राहिली, जी कुत्र्यांच्या प्रीफ्रंटलवरच काम करत होती. ठरलेला प्रयोग असा: एक आवाज झाला की कुत्र्याने पुढचा पाय उचलून खाण्याच्या पेटीवर ठेवायचा, खाणं मिळतं. दुसरा आवाज झाला की ठेवायचा नाही, मिळत नाही. कुत्री हे व्यवस्थित शिकायची. मग प्रीफ्रंटलचा आतल्या बाजूचा भाग काढला की "नाही" वाल्या आवाजालाही पाय वर! आवाजातला फरक ऐकू येत असायचा, थांबणं तेवढं गेलेलं असायचं. स्टेफान ब्रुटकोव्स्कीने या बिघाडावर बरंच लिहिलंय. वरचा-बाहेरचा भाग काढला तर वेगळंच: खाणं कुठे ठेवलं ते दाखवून थोडा वेळ थांबवलं की कुत्र्याची गफलत व्हायची.

म्हणजे शेवंताच्या ट्रेनरने जो भाग नाही म्हणून सांगितलं, तो काढल्यावर काय होतं हे साठ-सत्तर वर्षांपूर्वी तपासून झालंय.

गवती_चहा
वाचून पोटात कालवलं. त्या कुत्र्यांनी काय घोडं मारलं होतं? ज्ञान मिळालं वगैरे ठीक आहे, पण "तपासून झालंय" इतक्या सहज लिहिता येतं याचंच वाईट वाटलं.

निळा_डोंगर
@गवती_चहा, सहज लिहिलेलं नाही. काय झालं ते लपवून ज्ञान तेवढं वापरणं मला जास्त अप्रामाणिक वाटतं.

पुणेरी_पाटी
प्राण्यांवरील प्रयोगांसाठी वेगळा धागा काढावा. येथे फक्त जिवंत कुत्र्यांविषयी बोलावे. हुकुमावरून (माझ्याच).

परदेशी_पाखरू
गवती_चहा, तुमच्यासाठी बरी बातमी. आता कवटी न उघडता, भूल न देता बरंच कळतं. आमच्या अटलांटात एमरी विद्यापीठाचे ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना जागेपणी एमआरआयमध्ये निश्चल पडायला शिकवलं. पहिल्या दोघी कॅली आणि मॅकेन्झी, पेपर २०१२ चा. हनुवटी टेकवायला मापाचा आधार, कानावर आवाज अडवणारे मफ, आणि आधी घरी त्या यंत्राच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट भरपूर सराव. बांधायचं नाही. कुत्र्याला वाटलं तर उठून जायची मुभा. ज्यांनी माणसांचा एमआरआय काढून घेतलाय त्यांना कळेल ती ठकठक किती असह्य असते. माझे स्वतःचे सासरे बांधूनसुद्धा स्वस्थ पडले नव्हते.

सुरुवातीच्या प्रयोगात हाताची एक खूण म्हणजे सॉसेजचा तुकडा, दुसरी म्हणजे काही नाही. पहिल्या खुणेला कॉडेट पेटायचा. पण शेवंताच्या प्रश्नाला थेट लागू आहे तो त्यांच्याच गटाचा २०१६ चा प्रयोग. तेरा कुत्री. शिट्टी वाजली की समोरच्या पट्टीला नाक लावायचं. मालकाने हात छातीशी फुलीसारखे धरले की शिट्टी वाजली तरी लावायचं नाही. "नाही"च्या वेळी फ्रंटलमधला एक भाग जास्त काम करताना दिसला, आणि ज्या कुत्र्यांत तो जास्त काम करत होता, त्यांच्या चुका कमी झाल्या.

म्हणजे भाग आहे, तो थांबण्याच्या वेळी कामाला लागतो, आणि कुत्र्याकुत्र्यात फरक आहे.

संशयात्मा
जरा दमानं. तेरा कुत्री, तीही एमआरआयमध्ये पडून राहण्याइतकी शहाणी. जी कुत्री त्या नळकांड्यात शिरलीच नाहीत, त्यांचं काय? चिंगी त्यात शिरेल का? संयमावरचा अभ्यास आधीच संयमी असलेल्या कुत्र्यांवर. शिवाय त्या चित्रात दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक, पेशींचा विचार नव्हे. "पेटला" हा शब्द वापरला की वाचणाऱ्याला दिवाच लागल्यासारखा वाटतो.

परदेशी_पाखरू
निवडीचा आक्षेप शंभर टक्के मान्य, त्या क्षेत्रातले लोकही तो मांडतात. पण निवडून घेतलेल्या कुत्र्यांतसुद्धा आपसांत फरक दिसला आणि तो वागण्यातल्या फरकाशी जुळला, हे तर उरतंच ना?

संशयात्मा
उरतं. तेरांपुरतं.

नाकाडी
नाकाबद्दल कुणीच बोललं नाही! कुत्र्यांचा धागा आणि नाक नाही म्हणजे कमालच.

कॉर्नेल विद्यापीठात फिलिपा जॉन्सन यांच्या गटाने २०२२ मध्ये २३ कुत्र्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंचा नकाशा केला. ऑल्फॅक्टरी बल्बपासून निघणारे गठ्ठे कुठे कुठे जातात ते पाहिलं. पिरिफॉर्म भाग (वास ओळखणारा) आणि लिंबिक यंत्रणा (भावनांची) या अपेक्षित होत्याच. पण एक जाडजूड गठ्ठा थेट मागे ऑक्सिपिटल लोबकडे, म्हणजे जिथे डोळ्याचं काम चालतं तिथे जाताना दिसला. इतर कुठल्या प्राण्यात असा दिसला नव्हता. याशिवाय मज्जारज्जूकडे जाणाऱ्या मार्गाशीही जोड. जॉन्सन पशुवैद्यक आहेत, आणि आंधळी झालेली कुत्री चेंडू आणण्याचा खेळ कशी खेळू शकतात याचा काही उलगडा यातून होतो असं त्यांचं म्हणणं.

आमचा बंड्या म्हातारपणी मोतीबिंदूने पार आंधळा झाला होता. नवखा माणूस घरी आला तर त्याला पत्ता लागत नसे. दारातून आत येताना चौकटीपाशी क्षणभर थबकायचा, नाकपुड्या दोन-तीनदा फुलवायचा आणि सोफा चुकवून सरळ आपल्या गोणपाटावर. सोफा हलवला तरी चुकवायचा.

आणि वासाची आणखी एक खोडी. दिसलेलं, ऐकलेलं सगळं कॉर्टेक्सकडे जाताना आधी थॅलॅमसमधून जातं. वास तिथे न थांबता पिरिफॉर्म आणि अमिग्डालाकडे पोचतो, मग फ्रंटलच्या खालच्या भागाकडे. म्हणजे चिंगीने मांजर बघायच्या आधीच तिच्या आत धावपळ सुरू झालेली असणार.

संशयात्मा
पुन्हा मीच. हे जे तंतूंचे नकाशे आहेत ते पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून काढतात. तंतूंच्या गठ्ठ्यात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी, त्यावरून गठ्ठा कुठे जातो याचा अंदाज. यात रस्ता दिसतो, वाहतूक कुठल्या बाजूने चाललीय ते दिसत नाही. वन-वे आहे का, मध्ये सिग्नल किती, काही कळत नाही.

टवाळ_कार्टं
पुण्यात रस्त्यावर उभं राहूनही कळत नाही.

करडी_पेशी
संशयात्मा यांच्या मुद्द्यात दम आहे, म्हणूनच त्या जुन्या पोलिश कामाला अजून किंमत आहे. नेन्त्स्कीतल्याच लोकांनी पुढे मेंदूच्या एका जागी रंगद्रव्यासारखं एन्झाइम सोडून ते तंतूंतून उलटं वाहत कुठल्या पेशींपर्यंत पोचतं ते पाहिलं. त्यातून दिशा कळते. कॉर्नेलच्या गटाने निदान नुसत्या एमआरआयवर न थांबता मेलेल्या कुत्र्यांच्या मेंदूचं विच्छेदन करून गठ्ठे डोळ्यांनी तपासले. दोन्ही पद्धती एकमेकींच्या शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.

चौदा_विद्या
शेवंता, चिंगी लहानपणी ऐकायची आणि मध्येच बिघडली असं झालं का?

शेवंता
हो! सहा महिन्यांची होईपर्यंत हाक मारली की धावत यायची. मग अचानक "तू कोण?" असं बघायला लागली. आईशी जास्तच नीट वागते, आणि आई तर तिला काही शिकवतही नाही. आई म्हणते, "तुझ्यावर गेलीये."

चौदा_विद्या
आईंचं निदान अचूक. २०२० मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांवर पाहणी केली. पाच महिन्यांच्या पिल्लापेक्षा आठ महिन्यांचं कुत्रं "बस" ही आज्ञा जास्त वेळा धुडकावतं, पण फक्त रोज सांभाळणाऱ्या माणसाची. परक्या माणसाचं ऐकणं बिघडत नाही. वर्षाच्या आसपास गाडी रुळावर येते. वयात येताना मेंदूची जुळणी बदलत असते, त्या काळात घरचाच माणूस नकोसा होतो. माझ्या घरी दोन पायांवरचा नमुना आहे, दहावीत.

आबा_कुलकर्णी_नव्हे
दुसरं टोकही सांगतो. आमचा मोती पंधराव्या वर्षी गेला. शेवटी शेवटी कपाटामागच्या कोपऱ्यात शिरून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मागे यायचं सुचायचं नाही. दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन दार उघडायची वाट बघायचा. रात्रभर येरझाऱ्या. आम्ही म्हणायचो कान गेले, डोळे गेले. हा त्याच भागाचा दोष असतो का?

गोठ्यातली_डॉक्टरीण
आबा, मी पशुवैद्यक आहे. तुम्ही लिहिलंय ते अगदी नमुनेदार लक्षण आहे, आम्ही त्याला कॉग्निटिव्ह डिसफंक्शन म्हणतो. माणसातल्या अल्झायमरमध्ये जे बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं तेच म्हाताऱ्या कुत्र्यांतही साठतं, आणि सुरुवात प्रीफ्रंटलपासूनच होते. अल्झायमरमध्ये पेशींच्या आत दिसणाऱ्या गाठी मात्र कुत्र्यांत तशा होत नाहीत. २००१ च्या एका अमेरिकी पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांत ६८ टक्क्यांत असं किमान एक लक्षण मालकांनी सांगितलं. लोक "वय झालं" म्हणून आणतच नाहीत. आहार, मेंदूला चालना देणारे साधे खेळ, काही औषधं यांनी फरक पडतो. ज्यांची कुत्री दहाच्या पुढे आहेत त्यांनी दवाखान्यात जाल तेव्हा झोपेबद्दल आणि घरात वाट चुकण्याबद्दल आवर्जून सांगा. पण आधी कान, डोळे, थायरॉइड, सांधे तपासून घ्यायचे, कारण दुखण्यामुळेही कुत्रं रात्री फिरतं.

आणि आता त्या काट्यांच्या पट्ट्याबद्दल, कारण मूळ धागा तोच आहे. वर करडी_पेशींनी लिहिलंय की प्रीफ्रंटल आणि अमिग्डाला एकमेकांशी जोडलेले आहेत. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात चिंताग्रस्त कुत्र्यांचे मेंदू एमआरआयने पाहिले तेव्हा नेमकं हेच जाळं, अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, फ्रंटल, निरोगी कुत्र्यांपेक्षा वेगळं बांधलेलं दिसलं. आणि अमिग्डालाच्या जोडण्या वाजवीपेक्षा घट्ट. दिवाळीत माझ्याकडे जी कुत्री येतात ना, पलंगाखाली ओल्या झालेल्या अंगाने थरथरत, त्यांना त्या क्षणी "बस" म्हणून बघा. एरवी येत असलेली आज्ञासुद्धा पाळता येत नाही.

आता मांजर दिसल्यावर आधीच पेटलेल्या कुत्रीच्या गळ्यात काटे टोचायचे, म्हणजे उत्तेजनेत वेदनेची भर. काही कुत्र्यांच्या डोक्यात मग "मांजर म्हणजे दुखतं" हे पक्कं होतं, आणि नुसती धावणारी कुत्री चावरी होते. माझ्याकडे अशा आलेल्या आहेत.

गावरान_गडी
डॉक्टरीणबाई, धाक म्हणजे मारच असं नाही. आमचा म्हातारा कुत्र्याला हात लावत नसे. घशातून "हंऽ" करायचा, बास. कुत्रं जागच्या जागी.

गोठ्यातली_डॉक्टरीण
गडीभाऊ, त्या "हंऽ" मागे पिल्लूपणापासूनचा सहवास आहे, तो पट्ट्याबरोबर डब्यात येत नाही. तुमच्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार.

चौदा_विद्या
गावच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर आपल्याकडेच छान काम चाललंय. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांचा गट बंगालच्या रस्त्यांवरच्या मोकाट कुत्र्यांना पाहतो. ज्यांना कुणी काही शिकवलेलं नाही अशा कुत्र्यांपैकी जी जवळ आली त्यांतल्या बहुतेकांनी माणसाच्या बोटाच्या दिशेनेच भांडं निवडलं. घाबरट होती ती मात्र जवळ यायलाच तयार नव्हती. म्हणजे परत तेच, भीतीच्या पलीकडे गेल्यावरच अक्कल दिसते.

मुधोळकर
उशिरा आलो. आमच्याकडे मुधोळ हाउंड आहे. ससा दिसला की ते कुत्रं राहत नाही, ते फक्त पाय. जातीनुसार हे जोडणीचं प्रकरण बदलतं का? की "जातीवर जातं" म्हणून सोडून द्यायचं?

करडी_पेशी
बदलतं. एरिन हेक्ट यांनी २०१९ मध्ये ३३ जातींच्या ६२ कुत्र्यांचे एमआरआय तपासले. मेंदूचे भाग सहा गटांत एकत्र बदलताना दिसले, आणि त्यांतल्या काहींचा संबंध त्या जातीकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलेल्या कामाशी लागला, वासाने शिकार, नजरेने शिकार, राखण, सोबत वगैरे. हा फरक नुसत्या डोक्याच्या आकारामुळे नव्हता. पण त्यात मुधोळ नव्हता, त्यामुळे तुमच्या पठ्ठ्याबद्दल मी काही बोलणार नाही.

शेवंता
एवढं ज्ञान मिळालं, सगळ्यांचे आभार. पण उद्या सकाळी मांजर पार्किंगमध्ये असणारच आहे. मी काय करू ते सांगा.

गोठ्यातली_डॉक्टरीण
ड्यूक विद्यापीठात २०१५ मध्ये एक साधा प्रयोग झाला. पारदर्शक प्लास्टिकच्या आडोशामागे खाऊ धरायचा. कुत्र्याने सरळ धडक न देता वळसा घालायचा. एकदा माणूस शांत आवाजात बोलवतो, एकदा खाऊ नाचवत जोरजोरात. मदतनीस म्हणून तयार केलेली शांत कुत्री उत्तेजित केल्यावर आणखी चांगली वागली. घरगुती, मुळातच चळवळी कुत्री उत्तेजित केल्यावर घसरली, आडोशाला नाक आपटत राहिली. तू ओरडतेस "चिंगीऽऽ थांऽऽब" तेव्हा तू दुसऱ्या प्रकारच्या कुत्रीची उत्तेजना वाढवतेस.

त्यामुळे अंतर वाढव. मांजर दिसलं तरी चिंगी खाऊ घेते, तुझ्याकडे वळून बघते, ते अंतर शोध. पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला असेल, असू दे. तिथे मांजर दिसलं की लगेच खाऊ, हळू आवाजात नाव. खाऊ तोंडात न घेणं ही खूण आहे की तू फार जवळ गेलीस, शिकवायची वेळ गेली, गुपचूप मागे फिर. पाच मिनिटांच्या वर नको. आणि खाली नेण्याआधी घरात तिला कोपऱ्याकोपऱ्यांत लपवलेले तुकडे हुंगून शोधू दे. ताटापुढचं "थांब" मांजरापुढे आपोआप लागू होत नाही, ते जिन्यात, गेटपाशी, रिक्षाच्या आवाजात, असं प्रत्येक ठिकाणी नव्याने करून घ्यावं लागतं. गळपट्ट्याऐवजी छातीच्या पुढून कडी असलेला हार्नेस वापर, तुझा खांदा वाचेल.

संशयात्मा
हे तर कॉर्टेक्सचं नाव न घेताही सांगता आलं असतं.

गोठ्यातली_डॉक्टरीण
आलं असतं. पण मग "कुत्र्याला तो भागच नसतो" म्हणणाऱ्याला उत्तर काय दिलं असतं?

मनीमाऊ
त्या मांजराला कुणी विचारलंय का?

टवाळ_कार्टं
मांजर ट्रेनरच्या पगारावर आहे.

शेवंता
हार्नेस मागवला. ट्रेनरला आजच कळवलं की पुढच्या आठवड्यापासून येऊ नका. तो म्हणाला, "मॅडम, नेटवरचं वाचून कुत्रं सुधारत नाही." त्याने आगाऊ घेतलेले पैसे परत द्यायचं नाव काढलं नाही, तो वेगळाच संयमाचा प्रश्न. लांब दोरी घ्यायची म्हणतेय मैदानात सोडायला, पण दुकानात सांगतात त्या किमती ऐकून मला झटका येईल.

गावरान_गडी
दुकान कशाला, बाजारातून बैलाचा कासरा आण. सुती घे, नायलॉनचा नको.

मुधोळकर
कासरा चालतो, मी तोच वापरतो. फक्त हातमोजे घाला आणि मनगटाला वेढा देऊ नका. आणि टोकाचा हूक लोहाराकडून नाही, घोड्याच्या सामानवाल्याकडून घ्या, फिरता मिळतो, पीळ बसत नाही.